टेस्ट ड्राइव्हला गाडीचं हँडलिंग आणि बांधणी कशी पारखायची

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातली असते. सपाट रुंद रस्ता, दोन सिग्नल, एक यू-टर्न, मोठ्यानं लावलेलं म्युझिक आणि शेजारी बसून सनरूफ उघडून दाखवणारा सेल्समन. एवढ्यावर आपण दहा-पंधरा लाखांचा निर्णय घेतो आणि पुढची आठ-दहा वर्षं त्याच गाडीतून घाट, खड्डे, पावसाळे काढतो. स्क्रीन किती इंची आहे, बूट किती लिटरचा आहे हे घरबसल्या कळतं. वळणावर गाडी कशी वागते आणि खड्ड्यातून बाहेर आल्यावर काय करते, हे कळायला मात्र स्टिअरिंगमागेच बसावं लागतं.

त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एकच गोष्ट धरून बसायची: गाडी हलली, की ती किती लवकर शांत होते? हलणार तर प्रत्येक गाडी. वळणावर झुकणार, ब्रेक लावल्यावर नाक खाली घालणार, स्पीड ब्रेकरवर उचलली जाणार. चांगली गाडी ती हालचाल एका दमात संपवते आणि पुढच्या वळणाला मोकळी होते. कच्ची गाडी आधीचा हिशेब मिटायच्या आत पुढच्या खड्ड्यात शिरते. खाली दिलेली प्रत्येक पायरी याच प्रश्नाकडे बघते.

निघण्याआधी

जी घ्यायची तीच चालवा. डेमोची गाडी बहुधा टॉप व्हेरिएंट असते आणि तिचे रिम मोठे असतात. तुम्ही घेणार ते मधलं मॉडेल असेल तर त्याचे टायर वेगळे असू शकतात, आणि टायर बदलला की राइडही, म्हणजे रस्त्याचे धक्के आत किती जाणवतात तेही, बदलतं. टायरवर २०५/६० आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के उंची आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला आकार. मधला आकडा जितका लहान, तितकी टायरची बाजूची भिंत बुटकी. अशी गाडी वळणावर चपळ वाटते, पण खड्ड्याची धार थेट आत पोचते. आपल्या रस्त्यांसाठी मी तरी उंच भिंतीचा टायरच पसंत करतो.

मग टायरची हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर थंड टायरमध्ये किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांना आणि कॉम्पॅक्ट एसयूव्हींना साधारण ३० ते ३६ पीएसआय लागते. डेमोच्या गाडीत ती तेवढीच असेल याची खात्री नसते. चार-पाच पीएसआय जास्त असली तर उत्तम सस्पेन्शनही (चाकं आणि बॉडीमधली स्प्रिंग-शॉकअपची जुळणी) टणक आणि उडतं वाटतं; कमी असली तर स्टिअरिंग जड आणि आळशी लागतं. निघताना हवा तपासून घ्या. त्याशिवाय पुढच्या कुठल्याही निरीक्षणाला अर्थ नाही.

रस्ता तुम्ही ठरवा, आणि तो फोनवर आधीच सांगून ठेवा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट चढून शिंदेवाडीकडे उतरायचं आणि हायवेनं नव्या बोगद्यातून परतायचं, म्हणजे गाव, घाट आणि हायवे एकाच फेरीत होतात. साताऱ्याला यवतेश्वरचा रस्ता आहे, कोल्हापूरला पन्हाळ्याचा, गोव्याच्या बाजूला चोर्ला. घाट जवळ नसेल तर फ्लायओव्हरचे गोल उतार आणि मोठा चौक हेरून ठेवा. घरचं एक माणूस मागच्या सीटवर बसायला घ्या. लायसन्स खिशात असू द्या.

उभ्या गाडीत

चावी फिरवण्याआधी बैठक नीट जमवा. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ पुढे केला, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. कित्येक गाड्यांमध्ये स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. उंच माणसाला त्यात एकतर हात ताणावे लागतात किंवा पाय आखडावे लागतात. डावा पाय ठेवायला सपाट जागा आहे का, तेही बघा. हे सगळं आरामापुरतं नाही. गाडीची हालचाल आधी कमरेला आणि पाठीला कळते, हाताला नंतर. बैठक सैल असेल तर सगळा भार स्टिअरिंगवर येतो आणि मग स्टिअरिंगमधून काही कळेनासं होतं.

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब किती जाड आहेत ते बघा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवं वळण घेताना उजवा खांब नेमका समोरून येणाऱ्या दुचाकीला झाकतो. घाटात याचा फार त्रास होतो. तिथे डोकं पुढे-मागे करून बघायची सवय लावावी लागेल का, हे उभ्या गाडीतच समजतं.

आता हात फिरवा, पण जिथे रोज हात लागणार आहे तिथेच: इंडिकेटरची दांडी, एसीचे नॉब, काचांची बटणं, दाराचं आतलं हँडल, गिअरचा दांडा. प्लास्टिक कडक आहे म्हणून गाडी हलक्या दर्जाची ठरत नाही. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे तळव्यानं दाबून बघा. करकर आली, तुकडा आत दबला किंवा सरकला, तर दोन उन्हाळ्यांनंतर तिथूनच आवाज सुरू होणार हे गृहीत धरा. इंडिकेटरची दांडी ठाम ‘टक’ करून बसते की नुसती ढकलली जाते? असल्या लहान गोष्टींवर कंपनीनं पैसे खर्च केले असतील, तर न दिसणाऱ्या जागीही केले असण्याची शक्यता जास्त.

दार, पत्रा आणि सुरक्षितता

शोरूममध्ये गेलेला प्रत्येक जण दार लावून आवाज ऐकतो. ऐकावाच, पण नीट ऐकावा. आधी सगळ्या काचा बंद करून दार लावा, मग एक काच खाली करून पुन्हा लावा. पहिल्या वेळी आत कोंडलेली हवा दाराला अडवते, म्हणून जोर जास्त लागतो. काच उघडी असताना ऐकू येतो तो दाराचा आणि कुलपाचा खरा आवाज. भारदस्त ‘धप्प’ आवाज रबरी बीडिंग, दाराच्या आत चिकटवलेले आवाज शोषणारे थर आणि चांगलं कुलूप यांतून येतो. बीडिंग दाराला आणि चौकटीला, दोन्हीकडे आहे का ते बोट फिरवून बघा. दोन थर असतील तर धूळ, पाऊस आणि वाऱ्याचा आवाज, तिन्हींना अटकाव होतो.

दार अर्धं उघडून सोडा. उतारावर उभ्या गाडीत ते जागच्या जागी थांबलं पाहिजे. दाराची बाहेरची कड धरून हलकेच वर उचलून बघा, बिजागरीत ढिलेपणा जाणवता कामा नये. मग दोन पावलं मागे जाऊन दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी बघा. फट लहान असण्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी असणं आणि डावी-उजवीकडे एकसारखी असणं महत्त्वाचं.

आणि आता जे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे ते. दाराचा आवाज आणि अंगठ्यानं पत्रा दाबून बघणं, यावरून गाडी किती सुरक्षित आहे ते कळत नाही. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, आणि अपघातात माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे. खांब, उंबरे, दारातल्या आडव्या पट्ट्या, त्यांना वापरलेलं जास्त ताकदीचं पोलाद, यातलं काहीही अंगठ्याला लागत नाही. ते बघायला धडक चाचणीच लागते. भारत एनकॅप ही आपल्याकडची सरकारी धडक चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं समोरून, नाकाच्या ४० टक्के भागावर आदळवतात आणि बाजूनं ताशी ५० किलोमीटरनं धडक देतात. त्याआधी ग्लोबल एनकॅप ही आंतरराष्ट्रीय संस्था २०१४ पासून भारतीय गाड्या तपासत होती. २०१८ मध्ये ५ तारे मिळवणारी टाटा नेक्सॉन ही भारतात बनलेली पहिली गाडी. ‘जड तेवढी मजबूत’ हा समज २०२४ च्या अखेरीस मारुतीच्या नव्या डिझायरनं चांगलाच हलवला. जेमतेम एक टन वजनाच्या त्या गाडीला ग्लोबल एनकॅपनं ५ तारे दिले. म्हणून सुरक्षिततेसाठी चाचणीचा निकाल वाचा, एअरबॅग किती आणि ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) कुठल्या व्हेरिएंटपासून आहे ते विचारा. दारावरून फक्त बांधणीची निगा ओळखा.

सांगाडा पीळ किती सोसतो याचा थोडा अंदाज घ्यायची एक जुनी युक्ती आहे. सेल्समनला विचारून गाडी रॅम्पच्या तोंडाशी तिरकी उभी करा, म्हणजे एक पुढचं चाक वर आणि बाकीची खाली राहतील. आता चारही दारं आणि डिकी उघडून लावा. सपाट जागी लागत होती तशीच लागली तर उत्तम. एखादं दार घासलं किंवा डिकी जोरानं आपटावी लागली, तर सांगाडा पिळतोय. असल्या गाडीत खराब रस्त्यांवर कुरकुर लवकर सुरू होते.

स्पीड ब्रेकर आणि खड्डे

म्युझिक बंद, एसीचा पंखा एकवर, काचा वर, आणि फोन, बाटल्या, चिल्लर सगळं बाहेर. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, हे सेल्समनला हसून पण स्पष्ट सांगा.

आपल्याकडे स्पीड ब्रेकरचं प्रमाण कागदावर ठरलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरनं सुखानं ओलांडता येईल असा गोलावा. प्रत्यक्षात गल्लोगल्ली डांबराचे उंचवटे असतात. म्हणून दोन्ही शोधा. पहिला गोल आणि रुंद, तो २०-२५ च्या वेगानं ओलांडा. पुढची चाकं उतरल्यावर नाक एकदा खाली जाऊन थांबलं पाहिजे. मग लगेच लक्ष मागे न्या, कारण खरा फरक मागच्या चाकांत कळतो. बऱ्याच हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट एसयूव्हींमध्ये मागची दोन्ही चाकं एका पिळणाऱ्या दांड्यानं जोडलेली असतात. ती रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण शॉकअप नीट जुळवले नसतील तर मागची बाजू एकदा उडून दुसऱ्यांदाही हलते. ही दुसरी उडी म्हणजे रिबाउंड, दाबलेल्या स्प्रिंगची उलटी उसळी, आवरला जात नाही. रिकाम्या गाडीत दिसणारी तीच उडी हायवेवर पुलाच्या सांध्यावर मोठी होऊन भेटते.

दुसरा स्पीड ब्रेकर डांबराचा, अरुंद, धारदार. तो १०-१५ नं, आणि फक्त डाव्या चाकांवरून. अशानं गाडी डावी-उजवीकडे झटकली जाते. उंच एसयूव्हीत हा झटका जास्त असतो. मान किती हलली ते बघा. मागे आई-वडील बसणार असतील तर हीच परीक्षा त्यांच्या कामाची.

खड्ड्यांसाठी ३० चा वेग पुरे. दोन आवाज वेगळे ओळखायला शिका. ‘धप्प’ असा गोल, खालून आलेला आवाज म्हणजे टायर आणि सस्पेन्शननं मार घेतला आणि संपवला. ‘ठक्क’ असा कोरडा, लोखंडी आवाज म्हणजे सस्पेन्शन टोकाला जाऊन आपटलं किंवा कुठेतरी काही ढिलं आहे. मग आतलं ऐका: डॅशबोर्डच्या मधोमध, मागचा पार्सल ट्रे, दाराचं पॅड, रिकाम्या सीट बेल्टचं बक्कल. बक्कल आणि ट्रेचे आवाज किरकोळ असतात, दोन मिनिटांत मिटतात. डॅशबोर्डच्या पोटातला आवाज मात्र डेमोच्या गाडीत असेल तर सेल्समनचं ‘नवीन गाडीत येणार नाही, सर’ मानू नका. डेमोच्या गाडीवर किलोमीटर जास्त झालेले असतात, वापरही आडदांड झालेला असतो, म्हणूनच ती आपल्या गाडीचं दोन वर्षांनंतरचं रूप दाखवते. नवीकोरी डेमो मिळण्यापेक्षा वापरलेली मिळाली तर मला जास्त आवडतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हळू चालवताना थोडी टणक वाटणारी गाडी ८० वर बहुधा जास्त स्थिर असते, आणि गल्लीत गादीसारखी वाटणारी गाडी हायवेवर डोलू शकते. दोन्ही वेगांत चांगली असणारी गाडी बनवणं अवघड आहे. २०१२ साली आलेली रेनॉ डस्टर अजूनही लोकांच्या तोंडी आहे ती यामुळेच. ती वळणावर झुकायची, पण तिच्या सस्पेन्शनला मोकळी हालचाल होती आणि मोठा खड्डाही ती एका दमात पचवायची.

स्टिअरिंग हाताला काय सांगतं

आजच्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. पार्किंगमध्ये एका बोटानं फिरतं ते छान वाटतं, पण पारख तिथे होत नाही. ५०-६० च्या वेगात, सरळ रिकाम्या रस्त्यावर, स्टिअरिंग मधल्या जागेपासून अगदी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करा. गाडीचं नाक लगेच वळतं, की आधी थोडी पोकळ जागा जाते? पोकळी मोठी असली तर हायवेवर दिवसभर बारीक दुरुस्त्या करत बसावं लागतं आणि खांदे दुखतात.

मग वळण संपताना हाताची पकड सैल करा, सोडू नका. स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला हवं. ते अर्ध्यातच थांबलं आणि ओढून आणावं लागलं, तर गर्दीच्या चौकात ते रोज खटकेल. वेग वाढतो तसं स्टिअरिंग घट्ट होतंय का? आणि घट्ट होणं म्हणजे बोलकं होणं, असं समजू नका. स्पोर्ट मोड लावला की मोटर कमी मदत करते, वजन वाढतं, पण रस्त्याची खबर तेवढीच राहते. खबर म्हणजे काय ते एकदा अनुभवायचं असेल तर ओळखीत कुणाकडे जुनी फियाट पुंटो किंवा लिनिया असेल तर ती मागून घ्या आणि चालवा. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्यांना हायड्रॉलिक स्टिअरिंग होतं. पुढचं चाक खडीवर गेलं की हाताला बारीक थरथर कळायची, पकड कमी झाली की स्टिअरिंग हलकं पडायचं. ते हाताला एकदा माहीत झालं की नवीन गाडीत काय उरलंय आणि काय गेलंय हे पटकन उमगतं.

घाटात

इथे घाई नको. समोरून वाहन येत असेल, धुकं असेल, रस्ता ओला असेल तर परीक्षा पुढे ढकला. आपली लेन सोडायची नाही, आणि वेग रोज घाटात चालवाल तेवढाच. गाडीचा स्वभाव ३५-४० वरही पुरेसा दिसतो.

कात्रजसारखं चढाचं वळण घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधी वेग कमी करून, स्टिअरिंग एकदाच हवं तेवढं वळवा आणि तसंच धरून ठेवा. आता गाडी त्याच रेषेत जाते का ते बघा. मध्ये दोन-तीनदा स्टिअरिंग कमी-जास्त करावं लागलं, तर एकतर तुमचा अंदाज चुकला किंवा गाडी रेष धरत नाही. दुसऱ्या वळणावर पुन्हा करा म्हणजे चूक कुणाची आहे ते समजेल.

झुकण्याबद्दल लोक सर्वात जास्त बोलतात आणि बहुतेक वेळा अर्धंच बोलतात. गाडी किती झुकली यापेक्षा ती किती पटकन झुकली हे जास्त महत्त्वाचं. हळूहळू झुकून एका कोनात टेकणारी गाडी भरवशाची वाटते, मागच्या माणसाला मळमळतही नाही. एकदम कलंडल्यासारखी झुकणारी, आणि उजव्या वळणातून डाव्यात जाताना परत तशीच दुसरीकडे पडणारी गाडी घाटात दमवते. लागोपाठच्या दोन उलट वळणांवर हे स्वच्छ दिसतं.

वळणाच्या मधोमध एखादा उखडलेला पट्टा असतोच. तो टाळू नका. तिथे चांगली गाडी धप्प करून पुढे जाते, रेष तीच राहते. सामान्य गाडीची मागची बाजू अर्धा वीत बाहेर सरकते आणि हात आपोआप दुरुस्ती करतात. सपाट वळणावर सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात. वळण आणि खड्डा एकत्र आला की सस्पेन्शनची खरी लायकी समोर येते. सगळ्या टेस्ट ड्राइव्हमधला एकच क्षण निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या वेग जास्त झाला की वळणाच्या बाहेरच्या बाजूला रुंद जायला लागतात. तेव्हा स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग होत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हलका करायचा, नाक आत येतं. ते किती अलगद आत येतं, तेही गाडीच्या जुळवणीचं लक्षण आहे. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं तर ईएससी कामाला लागलं असं समजा, आणि वेग कमी करा.

उतरताना गिअर खाली घ्या. इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते बघा. ऑटोमॅटिक घेणार असाल तर ही तपासणी चुकवू नका. काही सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन प्रकार) गाड्या उतारावर स्वतः खालचा गिअर धरतात, काही मोकाट सुटतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ (खालचा गिअर धरून ठेवणारी जागा) आहे का, आणि तो सहज हाताशी येतो का, हे तिथेच करून बघा.

ब्रेक

रोजच्या ब्रेकिंगमध्ये पेडल पहिल्या इंचात काय करतं ते बघा. दाबाल तेवढा ब्रेक, ही सरळ चढण हवी. आधी काहीच नाही आणि मग एकदम झटका, असं असेल तर ट्रॅफिकमध्ये सगळ्यांच्या माना हलत राहतात. थांबताना नाक खाली गेलं आणि थांबल्यावर एकदाच वर आलं, तर पुढचे शॉकअप जागेवर आहेत.

जोरात ब्रेक फक्त रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, आरशात मागे कुणी नसताना, आणि आतल्या सगळ्यांना सांगून. ५० वरून पूर्ण दाबा. पायाखाली धडधड होईल, तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. पाय सोडू नका. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे, स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जाता कामा नये.

हायवेवर

८० ते १०० दरम्यान, जिथे तेवढी परवानगी आहे तिथे, तीन गोष्टी. ट्रक ओलांडताना वाऱ्याचा धक्का बसतो. गाडी एकदा हलून थांबते की डुलत राहते? लेन बदलताना मागची बाजू पुढच्याबरोबर येते की एक क्षण मागून? आणि लांबलचक लाटांसारख्या डांबरावर अंग वर-खाली तरंगतं का?

आवाज वेगवेगळे करून ऐका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा बराच जास्त येतो, म्हणून दोन गाड्यांची तुलना एकाच पृष्ठभागावर करा. आरशाजवळून येणारी शीळ हा वाऱ्याचा आवाज. तो वेगाबरोबर वाढतो आणि बीडिंगची गुणवत्ता सांगतो.

मागच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा

परतीच्या वाटेवर गाडी घरच्या माणसाच्या हाती द्या आणि मागे बसा. त्याच स्पीड ब्रेकरवरून पुन्हा जायला सांगा. मागच्या चाकाजवळ बसल्यावर राइड वेगळीच भासते. जमल्यास पाच माणसं बसवून एकदा मोठा उंचवटा पार करा. रिकाम्या गाडीत टणक वाटणारं सस्पेन्शन भरल्यावर बरोबर बसतं, आणि रिकाम्यात मऊ वाटणारं टोकाला आपटतं, असं नेहमी घडतं. गावी जाताना डिकी भरून जाणाऱ्यांनी हे केल्याशिवाय पैसे भरू नयेत.

फ्रेमच्या गाड्या आणि इलेक्ट्रिक गाड्या

थार, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा यांची बॉडी वेगळ्या शिडीसारख्या फ्रेमवर बसवलेली असते. खड्डा गेल्यानंतर एक बारीक थरथर मागे राहते आणि स्टिअरिंगला थोडा उशीर असतो. हा दोष नाही, रचनेचा स्वभाव आहे. वजन ओढायला आणि वाईट वाटेवर मार खायला ती रचना चांगली. फरक अंगाला कळायला हवा असेल तर क्रिस्टा आणि एकसंध बॉडीची हायक्रॉस एकाच रस्त्यावर चालवा. नाव एकच, गाड्या दोन वेगळ्या जातीच्या.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असल्यानं झुकणं कमी असतं, पण वजन जास्त असतं आणि ते सांभाळायला सस्पेन्शन टणक करतात. त्यामुळे लहान भेगांवर जास्त लक्ष द्या. रिजनरेशनच्या (पाय उचलल्यावर मोटरनंच गाडी आवरून बॅटरी भरणं) सगळ्या पातळ्या बदलून बघा. पाय उचलल्यावर लागणारा ब्रेक आणि पेडलचा ब्रेक यांचा सांधा जाणवतो का, ते हळू वेगात शोधा. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ सारख्या गाड्यांची मोटर मागे आहे. वळणातून बाहेर पडताना त्यांची ढकल मागून येते, म्हणून पुढच्या चाकांवरच्या गाडीची सवय असलेल्यांनी दोन-चार वळणं जास्त घ्यावीत.

तुलना करताना

दोन गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, त्याच माणसांसह. आठवड्याचं अंतर पडलं की अंगातली आठवण पुसली जाते आणि फक्त डिझाइन लक्षात राहतं. उतरल्या उतरल्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा: मोठ्या स्पीड ब्रेकरवर मागची उडी, वळणातला उखडलेला पट्टा, स्टिअरिंगची मधली पोकळी, डॅशबोर्डचे आवाज. गुण देत बसू नका, काय झालं ते सांगा. घरी ऐकताना निर्णय बहुधा आपोआप पुढे येतो.

जुनी गाडी घेत असाल तर

वरचं सगळं लागू, शिवाय झीज ओळखायची. सरळ सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंट (चाकांचे कोन) बघा, किंवा टायर असमान झिजलेत. ८० ते १०० दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि वेग वाढला की थांबतं, तर बहुधा बॅलन्सिंग. हे स्वस्तातलं काम आहे. थरथर फक्त ब्रेक लावताना येते, तर डिस्क वाकडी झाली असावी. हळू वेगात छोट्या खड्ड्यांवर ‘टक-टक’ येते, ती अनेकदा लिंक रॉड किंवा बुशची, म्हणजे सस्पेन्शनच्या छोट्या सांध्यांची. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढून ‘कट्ट’ असा आवाज आला, तर स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) वरच्या माउंटिंगवर संशय घ्या. आणि वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी हलकं डावं-उजवं केल्यावर कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची.

बॉनेट उघडून मडगार्ड आणि बिजागऱ्यांच्या बोल्टांची डोकी बघा. त्यांवरचा रंग उडालेला किंवा पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग कधीतरी खोललेला आहे. मग त्या बाजूच्या फटी पुन्हा मोजा आणि ती बाजू वळणावर आतून, वळणावर बाहेरून, दोन्हीकडून चालवून बघा. लिंक रॉड, बुश, बेअरिंग यांचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि तो किमतीतून वजा करून बोलणी करा. फटी जुळत नसतील आणि गाडी सरळही चालत नसेल, तर किंमत कितीही कमी केली तरी ती गाडी घेऊ नका.